काळेवाडीतलं बिनफोडणीचं घर

मुंबईच्या गोदीत जहाजावरून उतरताना किरणने मला बजावलं होतं, आईला सगळं खरं सांगा, फोनवर ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी नौदलाच्या जहाजावरच्या दवाखान्यातला मदतनीस, किरण आमच्या भटारखान्यातला. गेल्या सफरीत जहाजावर कांजिण्यांची साथ आली आणि तिची सुरुवात किरणपासून झाली. मला रजा मिळाली, त्याला नाही. म्हणून मालवणला घरी जायच्या आधी वाट वाकडी करून मी काळेवाडीला त्याच्या घरी जायला निघालो.

किरणचे वडील दत्तूकाका चाकणला कंपनीत कामाला. शिफ्ट सुटली की चौकात भेटतो म्हणाले होते. तळेगावहून सहा आसनी (माणसं कोंबून नेणारी मोठी रिक्षा) पकडली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मध्ये खड्डे आणि धूर. काय सांगू, ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात ज्याचं पोट कधी ढवळलं नाही, तो मी चाकणच्या चौकात रस्त्याकडेला बसून ओकलो. कुणीतरी पाठीवरून हात फिरवत पाण्याची बाटली पुढे केली. ते दत्तूकाकाच निघाले.

"राव, नेव्हीतलेच ना तुमी?" ते म्हणाले आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

त्यांच्या मोटरसायकलवर मोशी, भोसरी करत निघालो. मूळचे हे बीडकडचे, कामासाठी इकडे आलेले. वाटेत त्यांनी उसाचा रस पाजला आणि जरा चाचरत सांगितलं की जेवायला चव नसेल, सांभाळून घ्या, घरात अजून फोडणी पडत नाही.

घर दुकानावरच्या दोन खोल्यांचं. दाराला कडुनिंबाची ताजी डहाळी होती. आमच्याकडेही देवी आली (अंगावर कांजिण्या उठल्या) की घरात फोडणी देत नाहीत, तळण करत नाहीत. पण हा नेम आजारी माणूस न्हाऊन बरा झाला की संपतो. किरण तर कधीच बरा झाला होता. मग हे कशासाठी चाललंय, मला कळेना.

किरणच्या आईने, सुमनमावशींनी, दहीभात वाढला. बाजूला नुसतं उकडलेलं वरण. मी दोन घास खाल्ले तशा त्या समोर बसल्या आणि बोलू लागल्या. किरण सुट्टीवर आला होता तेव्हा नातीच्या अंगावर देवी होती. घरात देवी असताना तिचा बोभाटा करायचा नाही, ही त्यांच्याकडची रीत. किरण भाचीला कुशीत घेऊन निजायचा. तसाच तो जहाजावर परत गेला, आणि कुणालाच काही बोलला नाही.

पुढचं मला ठाऊक होतं. आमच्याकडे झोपायची फळकुटं तीन मजली. एक खोकला तर सगळी खोली जागी होते. किरणच्या अंगावर फोड दिसले तेव्हा किनारा लांब राहिला होता. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, त्याची ताटवाटी वेगळी केली. मला लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या, म्हणून आत जायचं काम माझ्याकडे. पोरगं तापात कडुनिंबाचा पाला मागायचं. अरे बाबा, भर समुद्रात मी कुठून आणू पाला? मी त्याचं डोकं पुसत बसायचो.

"त्यो एकटा न्हवता म्हंजे," सुमनमावशी म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग हळूच विचारलं, "अन् ते मोठे साहेब? खरं सांगा भाऊ. माझ्या घरनं गेलेल्या देवीनं कुणाचा जीव तर न्हाई घेतला?"

आता उलगडा झाला. उन्नीसाहेब हे आमच्या भटारखान्याचे प्रमुख, वयस्कर. आजार त्यांच्या छातीत उतरला होता. बंदरात शिरताच त्यांना इस्पितळात हलवलं. तेवढं फोनवर किरणच्या तोंडून निसटलं, आणि ते बरे झाल्याचं त्याने कितीदा सांगितलं तरी मावशींना ते समजूत काढणंच वाटलं. ही माउली त्या परक्या माणसासाठी फोडणीवाचून जेवत होती.

म्हटलं, "मावशी, मीही घाबरलो होतो. पण मी रजेवर निघालो त्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी जहाजावर चढले. चढल्या चढल्या सांबार पातळ झालं म्हणून किरणला झापलं. मी डोळ्यांनी बघितलंय."

आजार इथूनच गेला, हेही मी लपवलं नाही. आधी कळलं असतं तर किरणला थोडे दिवस किनाऱ्यावरच ठेवला असता, असं सांगितलं. "पुढच्या खेपेला देवीला हात जोडा, आणि आम्हालाही कळवा."

"कळवीन," त्या म्हणाल्या. उठल्या, दाराची डहाळी काढून देवापुढे ठेवली आणि गॅसवर कढई चढवली. मोहरी तडतडली, लसणाचा वास सुटला. पलीकडच्या खोलीत नात शिंकली. दत्तूकाका भिंतीकडे तोंड करून उगाच खोकत राहिले. येसरच्या (भाजून दळलेल्या धान्याचा मराठवाडी मसाला) आमटीत भाकरी कुस्करून आम्ही सगळे पुन्हा जेवलो.

मालवणची रजा आटोपून जहाजावर परतलो. जगात बघण्यासारखं पुष्कळ असेल, पण त्या खेपेला मी एक तापलेली कढई बघून आलो आणि मला ती पुरली. किरणला मी मावशींनी पाठवलेला येसरचा डबा दिला. त्याने तो उघडलाही नाही, घराची खुशालीही विचारली नाही.

"फोडणी दिली का तिनं?"

"दिली. माझ्यासमोर."

तो डबा पोटाशी धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.