बडेबाबूंच्या माशांचे अकरा आठवडे

"बाहेर काहून उभे? आत या, मग बोला."

हे म्हणताना बडेबाबू खुर्चीतून अर्धे उठलेले असायचे. एक हात फायलीवर आणि दुसरा दाराकडे. मोठ्या कारकुनाला आमच्याकडे बडेबाबू म्हणतात आणि त्यांचं तेच नाव होऊन बसलं होतं. खकनारच्या आमच्या कचेरीत माणसांनी बाहेरच्या बाकावर थांबावं, शिपायाने एकेकाला बोलवावं, असा नियम होता. बडेबाबूंच्या टेबलापुरता तो कधीच लागू झाला नाही.

एकदा एक म्हातारा बकरी घेऊन आला. शिपाई म्हणाला, बकरी बाहेर बांधा. बडेबाबू म्हणाले, "अरे, ती त्याच्यासोबत आली आहे ना, तिला काहून वेगळं काढतो?" म्हाताऱ्याचं बोलणं होईपर्यंत बकरीने एका फायलीचा कोपरा खाल्ला. बडेबाबूंनी त्याच फायलीवर कचेरीच्या हिंदीत शेरा लिहिला, 'कोना बकरी ने खाया, लेख सुरक्षित', आणि खाली सही केली. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर चिडावं तर चिडता येत नाही.

मी आवक-जावक सांभाळायची. माझा स्वभाव अगदी उलटा. सकाळी उठल्यावर दिवसाची यादी करायची, झालं त्याच्यापुढे बरोबरची खूण करायची, आणि संध्याकाळी राहिलेलं उद्याच्या पानावर उतरवायचं. बडेबाबू माझ्या वहीकडे बघून म्हणायचे, "बाई, तुमच्या लिस्टमध्ये श्वास घ्यायचं लिहिलं आहे का? राहून जायचं एखाद्या दिवशी."

आम्ही दोघं बुऱ्हाणपूरहून एकाच बसने खकनारला जायचो. तेव्हा बुऱ्हाणपूर जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली होती. बसमध्येच त्यांनी मला सांगितलं की घरी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला आहे. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. इस्पितळातून आणल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. टीव्ही लावला तर डोळे मिटायच्या. डॉक्टर म्हणाले, हलतं असं काहीतरी समोर ठेवा, मन गुंतलं तर हातही हलेल.

त्यांची मुलगी मुंबईला असते. तिने काचेची मोठी टाकी पाठवली, आणि साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. सोबत समुद्राचं मीठ पाकिटांतून, तळाला पसरायची वाळू, पंप, आणि पाण्याचा खारटपणा मोजायची नळी. बुऱ्हाणपुरात तापीचं पाणी भरपूर, पण समुद्र असा बाहेरच्या खोलीत लाकडी टेबलावर प्रथमच आला असावा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यात केशरी रंगाचे, अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे होते. एक मोठा, एक लहान. वहिनींची खाट टाकीला लागून होती. त्यांनी डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं की मोठा मासा तिथे येऊन थांबायचा. बोट सरकलं की तोही सरकायचा.

"बघा," बडेबाबू हळू आवाजात म्हणाले, "दोन महिने भिंत बघत होती. आता सकाळी पडदा उघडायला उशीर झाला तर माझ्याकडे डोळे वटारते."

त्या दोन माशांवर त्या घराचं काय अवलंबून होतं, ते मला तेव्हाच कळलं. मासे गेले तर वहिनी पुन्हा भिंतीकडे वळणार, हे बडेबाबूंना कोणी सांगायची गरज नव्हती.

दसऱ्यानंतर त्यांनी तिसरा मासा मागवला, निळाशार. मुंबईहून थर्माकोलच्या डब्यात, पाण्याने भरलेल्या पिशवीत तो रेल्वेने आला. बडेबाबू अर्धी रजा टाकून स्टेशनवर गेले. विकणाऱ्याने फोनवर बजावलं होतं की नवा मासा महिनाभर वेगळ्या टबात ठेवा. मी त्याची आठवण करून दिली, कारण ते मी लिहून ठेवलं होतं.

बडेबाबू माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी काही अपमानकारक बोलले. "इतक्या लांबून आलेल्याला घराबाहेर बसवू? महिनाभर? आपल्याकडे असं कोण करतं, बाई?"

वहिनींनी डाव्या हाताने त्या पिशवीला ओवाळलं. निरांजनाच्या ताटाला खालून मी हात दिला होता, म्हणजे मीही त्यात सामील होते. मग बडेबाबूंनी पिशवीची गाठ सोडली आणि मासा पाण्यासकट टाकीत ओतला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट.

दिवाळी झाल्यावर मोठ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले, मिठाचे कण चिकटावेत तसे. बडेबाबूंना खरंच मीठ वाटलं. मासे वाळूला अंग घासत होते. तीन-चार दिवसांनी ठिपके आपोआप गेले. बडेबाबूंनी कचेरीत पेढे वाटले. "तब्येत सुधारली," ते म्हणाले. कोणाची असं शिपायाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "घरच्यांची."

पुढच्या आठवड्यात ठिपके परत आले, आधीपेक्षा दसपट. निळा मासा एका सकाळी तळाशी आडवा दिसला. त्याच दिवशी बसमध्ये, खकनार यायला थोडा वेळ राहिला तेव्हा बडेबाबू म्हणाले, "बाई, तुमची वही काढा."

मासा विकणाऱ्या मुंबईच्या त्या माणसाला मी कचेरीतून फोन लावला. प्रश्न आधीच लिहून घेतले होते. त्याने सांगितलं ते असं. हा रोग म्हणजे एक बारीक परोपजीवी जीव. तो माशाच्या कातडीत शिरतो, पोसला गेला की गळून वाळूत पडतो. तेव्हा ठिपके दिसेनासे होतात आणि माणसाला वाटतं मासा बरा झाला. वाळूत त्या एकाचे शेकडो होतात आणि पुन्हा मासा शोधत वर येतात. मासा मिळाला नाही तर मरतात. म्हणून उपाय एकच. सगळे मासे वेगळ्या टबात काढायचे, तिथल्या पाण्याचा खारटपणा हळूहळू कमी करायचा, कारण मासा तो सोसतो आणि हा जीव सोसत नाही. आणि मोठी टाकी अकरा आठवडे माशांशिवाय चालू ठेवायची.

मी सतरा कलमांची यादी केली. टब, वेगळी जाळी, पाणी गरम ठेवायची कांडी, रोज किती पाणी बदलायचं, कोणता हात कुठल्या पाण्यात घालायचा नाही. संध्याकाळी बसमध्ये ती बडेबाबूंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि परत केली.

"छान आहे. पण हे जमणार नाही."

"काहून?"

"अकरा आठवडे रिकामी टाकी तिच्यासमोर ठेवू?"

सतरा कलमांत वहिनी कुठेच नव्हत्या. मी म्हणाले, "मग मासे तिथेच मरतील, बडेबाबू. तेही तिच्यासमोरच." बोलून गेले आणि लगेच वाटलं, हे जरा मऊ शब्दांत सांगायला हवं होतं. ते खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिले.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले तर बाहेरची खोली रिकामी. टाकीत फक्त पाणी, वाळू आणि पंपाचे बुडबुडे. खाटही नाही. आतून बडेबाबूंचा आवाज आला, "इकडे, इकडे."

स्वयंपाकघराला लागून त्यांची एक छोटी खोली होती. गहू, डबे, जुन्या ट्रंका असं सामान ठेवायची. ट्रंका घरापुढच्या ओट्यावर गेल्या होत्या आणि खाट आत आली होती. खाटेशेजारी स्टुलावर निळा प्लास्टिकचा टब, त्यात दोन्ही केशरी मासे. टबाच्या भिंतीतून काही दिसत नाही आणि वहिनींना उठून डोकावता येत नाही. म्हणून बडेबाबूंनी ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून टबावर तिरका टांगला होता, एक दोरी खिळ्याला, दुसरी खिडकीच्या गजाला. वहिनी उशीवर पडल्या पडल्या आरशात मासे बघत होत्या.

"वरून फार काही नाही दिसत," बडेबाबू म्हणाले. "केशरी रेघ दिसते नुसती. पण हलते."

"तुम्ही वहिनींना सांगितलं?"

"सगळं. रोग मी आणला हेही." ते वहिनींकडे बघून म्हणाले, "काय, सांगितलं ना?" वहिनींनी डोळे मिटून उघडले. ते त्यांचं हो होतं.

मी यादीत अठरावं कलम लिहिलं, 'आरसा', आणि समोर खूण केली.

टब सांभाळणं सोपं नव्हतं. बडेबाबूंचा त्या मोजायच्या नळीवर विश्वास नव्हता. ते बोट बुडवून चाखायचे. "आमटी रोज मीच करतो, मला मीठ कळत नाही का?" मी नळी त्यांच्या शर्टाच्या खिशात खोचली आणि म्हणाले, चाखायचं असेल तर आमटी चाखा. त्यानंतर मात्र रोज बसमध्ये बसल्याबरोबर ते आकडा सांगायचे, गृहपाठ दाखवावा तसा.

वीज जायची ती वेगळीच काळजी. त्यांच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम, दिवसभर खडखडाट. वीज गेली की सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची आणि पंप बंद पडायचा. वहिनींनी स्वतःच युक्ती काढली. गप्प झालं की त्या डाव्या हाताने खाटेच्या लोखंडी दांड्यावर स्टीलची वाटी वाजवायच्या. शेजारच्या आपा आपलं काम टाकून यायच्या आणि बॅटरीवरचा छोटा पंप लावायच्या. आपा मला म्हणाल्या, "भाभी को बिजलीवालों से पहले पता चलता है." वहिनी हे ऐकून अर्ध्या तोंडाने हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

तिसऱ्या आठवड्यात लहान मासा गेला. बडेबाबूंनी त्याला परसातल्या जास्वंदीखाली पुरलं. मोठा टिकला. त्याचे ठिपके गेले, आणि गेले ते गेलेच.

संक्रांतीला मुलगी मुंबईहून आली ती एका पिशवीत नवा केशरी मासा घेऊन. बाबांना आनंद होईल असं तिला वाटलं असणार. मी तिळगूळ द्यायला गेले तर बडेबाबू पायरीवर आडवे उभे. माणसाला आत बोलावणारा तो हात त्यांनी समोर धरला होता.

"तू आत ये. हा नाही येणार."

"बाबा, अहो तो प्रवासाने दमलाय."

"म्हणूनच. ओट्यावर टब ठेवतो. महिना झाल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी वही मिटून घेतली, मला त्यात काही करायचं उरलं नव्हतं. ट्रंकांशेजारी नवा टब मांडला गेला. मग बडेबाबूंनी आतून आपली खुर्ची आणली आणि टबाजवळ ठेवली. त्या महिन्यात ते सकाळचा चहा आणि पेपर तिथेच घ्यायचे. थंडीत कानाला मफलर बांधून बसायचे. गल्लीतले लोक विचारायचे, "बाबूजी, बाहर क्यों बैठे हो?" ते टबाकडे बोट दाखवून म्हणायचे, "मेहमान है. अकेला कैसे छोडूँ?" आत गेले की आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मगच वहिनींच्या खोलीत.

आता हे दोघंही नाहीत. आधी वहिनी गेल्या आणि पुढच्या वर्षी बडेबाबू. मुलीने टाकी मुंबईला नेली आणि घर विकलं. त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की लोक बकरीची गोष्ट सांगतात. मला मात्र अकरा आठवडे पूर्ण झाले तो रविवार सांगावासा वाटतो.

त्या दिवशी मी सकाळीच गेले. टबाच्या पाण्याचा खारटपणा आठवडाभर वाढवत वाढवत टाकीच्या पाण्याइतका केला होता. बडेबाबूंनी, आपांनी आणि मी मिळून खाट पुन्हा बाहेरच्या खोलीत आणली, टाकीला लावून, पहिली होती तशी. मोठा मासा आपल्या घरी गेला. थोडा वेळ तो तळाशी थांबला, मग वर आला, मग काचेशी आला. अंगावर एक ठिपका नव्हता. ओट्यावरच्या पाहुण्याची मुदत पुढच्या आठवड्यात संपत होती. मी शेवटच्या राहिलेल्या कलमापुढे खूण केली आणि बडेबाबूंना दाखवली.

ते वही बघत नव्हते. वहिनींनी तोंड फिरवलं होतं. मासा काचेशी, त्यांच्या बोटाच्या जागी, आणि त्या त्याच्याकडे पाठ करून.

बडेबाबूंचा चेहरा पडला. "काय झालं?" ते खाली बसले. "दुखतं का? ऊन लागतं? हा बघ ना, हा आला तुझा." वहिनींनी डोळे मिटले नाहीत. त्या दुसरीकडेच बघत होत्या. त्यांच्या नजरेच्या रेषेत मी पाहिलं तेव्हा तिथे भिंत नव्हती. स्वयंपाकघराचं दार होतं.

मी म्हणाले, "बडेबाबू, अकरा आठवडे तुम्ही कुठे होता?"

"कुठे म्हणजे? कचेरीत. नाहीतर चुलीपाशी, दुसरं कुठे."

"आणि त्याआधी वहिनी कुठे होत्या?"

त्याआधी ते स्वयंपाक आत करायचे आणि वहिनी बाहेर एकट्या माशांसोबत असायच्या. त्या छोट्या खोलीतून मात्र पोळपाट दिसायचा, कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या, आणि कणीक भिजवता भिजवता बडेबाबू त्यांच्याशी बोलत असायचे. आरशातली केशरी रेघ होतीच, पण त्या दिवसभर एवढंच बघत नव्हत्या.

"आत यायचं तुला?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी डोळे मिटून उघडले.

आम्ही खाट पुन्हा उचलली. दाराशी ती अडली, तिरकी केली, पुन्हा अडली. आपा म्हणाल्या, "सुबह से दूसरी बार हो रहा है, अब इसी में रहने दो भाभी को." खाट आत गेली. मी घरी जायला निघाले. टाकीत मासा काचेजवळ एकटा फिरत होता आणि आतून बडेबाबूंचा आवाज येत होता.

"मेथी करू की वांगं? मेथी असेल तर डोळे मिट. नाही? बरं, वांगं. भरलेलं करू का? तेही नाही? मग सांगू नको, मी ओळखतो."