तंबाखूचं पाणी

हे मी आईलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय, तेही लिहून – कारण बोलायला लागले की मी विषय बदलते. आत्ताही बदलावासा वाटतोय. आमच्या बोरी गावच्या घरच्या गुलाबांबद्दल सांगू? तिथूनच सुरू करावं लागेल.

गुलाबांवर मावा पडला होता. मी परभणीहून सुट्टीला गेलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून घरात माझ्या शब्दाला उगाच वजन. मी म्हटलं, औषध नको, तंबाखू भिजवून फवारू – ऑरगॅनिक आहे, कुणालाच काही होत नाही. बाबांची तंबाखूची अख्खी पिशवी बादलीत भिजवली. फवारलं. बरंच उरलं. ती बादली तशीच अंगणातल्या हौदात बुडवून विसळली.

त्या हौदात काय काय होतं! डास होऊ नयेत म्हणून सोडलेले गप्पी मासे, भिंतीला चिकटलेल्या गोगलगाई, टाचणीच्या डोक्याएवढे, उड्या मारत पोहणारे किडे. घरी पाहुणे आले की मी तिथेच जाऊन बसायचे.

सकाळी मासे पोटं वर करून तरंगत होते. गोगलगाई तळाशी. उड्या मारणारं काहीच नव्हतं.

मला तेव्हा कळलंच नाही – असं लिहिणार होते. खोटं आहे ते. फवाऱ्याच्या बाटलीत थोडं पाणी राहिलं होतं. ते वाटीत ओतलं आणि नाल्यातली एक जिवंत गोगलगाय आणून त्यात सोडली. खात्री करायला. तिचं अंग शंखाबाहेर आलं, वळवळलं, ढिलं पडलं. पुन्हा आत गेलंच नाही.

तेवढ्यात आई बाहेर आली. शेजारच्या सुंदरकाकू रोज आमच्या हौदावर धुणं धुवायच्या, त्यांच्याकडे नळ नाही. त्याही तेव्हाच धुणं घेऊन आल्या होत्या.

"सुंदरबाई, तुमच्या सोड्यानं मेले बगा सगळे मासे. उद्यापासून इथं धुणं आणू नका."

"अवो वैनी, म्या तर काल लांब दगडावर धुतले! हौदात सोडा कशाला टाकीन?" मग काकू माझ्याकडे वळल्या. "ही बसली होती की इथंच. सांग की गं बाई."

मी बघितलं होतं. त्या दगडावरच धुवायच्या, पाणी वेगळ्या घमेल्यात काढून. वाटी पाठीमागे धरून मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं."

एवढंच. किती सोपं वाक्य, नाही?

काकू आता रस्त्यापलीकडच्या हातपंपावर जातात. बोरीला गेले की तो पंप ऐकू येतो. मी गच्चीवर जाते, आत येते, पंखा मोठा करते, पुन्हा गच्चीवर जाते.

दिवाळीत फाटकापाशी भेटल्या. कमरेवर ओलं गाठोडं, एक हात गुडघ्यावर. कुंपणातून आत बघून हसल्या.

"गुलाब लय बहरलाय गं तुजा. काय घातलंस?"

मी म्हटलं, "काही नाही."