काळी टोपी

काळोख्या खोलीतल्या बाईंना सगळे पाठीमागे ‘अंधारबाई’ म्हणत, आणि बाईंना ते ठाऊक होतं. रंग मोजणारे कॅमेरे जुळवायचे तर भिंतींपासून कपड्यांपर्यंत सगळं काळं हवं. चुकार प्रकाश कुठून परतला की माप बिघडलंच. दारावरचे नियम बाईंनीच लिहिलेले. शेवटचा नियम तर तरुणपणी आपल्या तेव्हाच्या पिकल्या केसांच्या साहेबांसाठी खास: पांढरे केस असलेल्यांनी काळी टोपी घालावी. साहेब बिचारे निवृत्तीपर्यंत निमूट घालत आले.

बाईंची सख्खी भाची तिथेच फिल्टर आखायची. फिल्टर म्हणजे कॅमेऱ्यात बसणारी बोटभर काचपट्टी. एका टोकातून फक्त निळा प्रकाश पार होतो, दुसऱ्या टोकातून लाल, मधे बाकीचे रंग ओळीने. ही पट्टी भाचीने स्वतः आखलेली पहिलीच. बाईंनी नापास केली तर ती भंगारात जाणार होती, आणि मग पुढची तिला आखायला कोण देणार?

बाईंनी पट्टी कॅमेऱ्यात बसवून, मापापुरत्या ठेवलेल्या पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर दिवा सोडून मोजलं, तर निळ्या टोकाला आकडे चढे. दिव्यात निळा मुळातच कमी, तिथे जराशी भर पडली तरी दिसते. पुन्हा मोजलं, तेच. भाचीने सकाळी याच खोलीत मोजलं तेव्हा मात्र सगळं चोख होतं. ‘आपला तो बाब्या’ असं कुणी म्हणू नये म्हणून बाई भाचीशी आधीच दुप्पट कडक. सगळ्यांदेखत त्यांनी विचारलं, “सकाळचे आकडे तूच सरळ करून घेतलेस ना?”

भाचीचा चेहरा उतरला. ती काही बोलणार होती, पण मावशीच्या डोक्याकडे बघून तिने मान खाली घातली.

बाई नापासाचा शेरा लिहायला बसल्या तेव्हा ती आत आली, दार लावलं आणि खुंटीवरची साहेबांची टोपी पुढे धरली.

“मावशी, एकदा ही घालून मोज.”

बाई संतापल्या, आणि मग त्यांचा हात आपसूक डोक्याकडे गेला. फरशीवर वाकून बघायची त्यांची जुनी सवय. दिव्याचा उजेड थेट केसांवर, तिथून परत कॅमेऱ्यात. जुन्या कॅमेऱ्यांना एवढं कळत नसे, हा नवा फार तिखट नजरेचा. चार केस पिकलेत एवढंच त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. आता चार काळे शोधावे लागले असते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

टोपी घालून मोजलं. निळं टोक मुकाट्याने जागेवर आलं.

“तेव्हाच का नाही बोललीस?”

“सगळ्यांसमोर कसं बोलू?”

बाईंना भडभडून आलं. त्यांनी जिला चारचौघांत खोटं ठरवलं, तिने त्यांचं म्हातारपण चारचौघांत झाकलं होतं. डोळे पुसून त्या टोपीसकट बाहेर आल्या आणि सगळ्यांना गोळा केलं.

“पट्टी पास आहे. हिचे आकडे खरे होते. चूक माझ्या पांढऱ्या केसांची.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी हसू दिलं, आणि टोपी काही काढली नाही.