दोन तोरमोद, एक नंबर

माझ्या बापाच्या घरची नव्हे, आईच्या माहेरची ही गोष्ट. तिच्या बापाच्या बापाचं नाव तोरमोद, आणि तिच्या आईच्या बापाचंही तोरमोद. दोघे म्हातारे नाकावर राग घेऊन बसलेले. एकाचं नाव ठेवावं तर दुसरा तोंड फिरवणार. मग माझ्या आजीने पहिल्या मुलाचं नाव तोरमोद ठेवलं आणि दुसऱ्याचंही तोरमोद. थोरला नि धाकटा. लंडनपासून दूर उत्तरेला असलेल्या आमच्या स्कालपाय बेटावर असे भाऊ आणखीही होते आणि आमचा कधी घोटाळा झाला नाही. घोटाळा करायला शिकलेला माणूस लागतो. तो आम्हाला एकोणचाळीस साली भेटला.

लढाई लागली. माझे दोन्ही मामा हेरिंग मासे मारणारे कोळी, नौदलाच्या राखीव यादीतले. लंडनच्या कचेरीतल्या कारकुनाने माणसं पाहिली नाहीत, कागद पाहिले. तेच नाव, तोच बाप, तेच गाव! हुशार माणूस. चुकून दोनदा नोंद झाली असं समजून त्याने एक कागद काढून टाकला. मामा दोन जहाजांवर गेले, पण नंबर दोघांना एकच.

बेचाळीसच्या थंडीत तार आली. तोरमोद मॅक्स्वीन उत्तरेच्या समुद्रात बुडाला.

"कुठला रे?" आजीने पोस्टमनला विचारलं.

"बाई, तारेत नुसतं तोरमोद आहे."

तीन आठवडे आजी दोघांसाठी रडली. मग थोरला मामा रजेवर आला, दारात उभा राहिला. तेव्हा कळलं, धाकटा गेला. मामाने लगेच कचेरीला कळवलं: मी जिवंत आहे, गेला तो माझा भाऊ. कचेरीचं उलट टपाली उत्तर आलं. आपण जिवंत असल्याबद्दल अभिनंदन, मृत्यूची नोंद रद्द केली आहे. शाळेच्या मास्तरांनी ते पत्र आजीला आमच्या गेलिक भाषेत वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि चुलीत पीटचं, जळाऊ मातीचं, एक ढेकूळ सारलं.

पुढे बंदरावर बुडालेल्यांच्या नावांचा दगड उभा राहिला. त्यावर धाकट्याचं नाव नाही! कचेरीचा दाखला पाहिजे, आणि कचेरीच्या मते तोरमोद तर ठणठणीत आहे. मामाला जन्मात दुसरं काही नको होतं, तेवढं नाव हवं होतं. त्याला इंग्रजी जेमतेम, म्हणून बाराव्या वर्षापासून मीच त्याची पत्रं लिहीत आले. लिहून लिहून माझे केस पिकले. एकदा एक साहेब चौकशीला आला.

"तोरमोद मॅक्स्वीन तुम्हीच ना?"

"हो."

"मग मेलं कोण?"

"तोरमोद मॅक्स्वीन."

साहेबाने फाईल मिटली, बिस्किटं संपवली आणि दुपारच्या बोटीने गेला. कपाळ माझं!

मामा साठ वर्षं समुद्रावर गेला. जाळी विणली, लॉबस्टरचे पिंजरे टाकले, रविवारी देवळाच्या मागच्या बाकावर बसून पेंगला. विद्यापीठाची मंडळी त्याची 'अस्सल गेलिक' टेप करायला यायची. त्यांना गाणी हवी असायची, आणि हा कचेरीला शिव्या द्यायचा. त्यांनी त्या शिव्या विलापगीत म्हणून लिहून घेतल्या. आमचा शेजारी कॅलम, देवळाचा पंच, मोठा समजूतदार. तो म्हणायचा, "तोरमोद, कशाला जीव जाळतोस? तू मेलास की नाव लागेलच!"

मी कॅलमला घराबाहेर काढलं. पण ते वाक्य मामाच्या मनात घर करून बसलं. त्र्याण्णवाव्या वर्षी एका सकाळी तो म्हणाला, "पेगी, कागद घे. लिही, तोरमोद बेचाळीस साली बुडाला."

"हे हजारदा लिहिलंय, मामा."

"पुढचं लिहू नकोस. मी जिवंत आहे ते लिहू नकोस. त्यांच्याकडे एकच तोरमोद आहे ना? तो बुडाला."

"आणि तू कोण मग?"

"मला ठाऊक आहे मी कोण ते. त्यांना कशाला सांगायचं?"

"अरे, पेन्शन बंद होईल!"

"होऊ दे. इतकी वर्षं मी त्याच्या वाटेत उभा आहे, पेगी. आता बाजूला होतो."

मी कागद पुढे ओढला. लिहिलं, भाची म्हणून सही केली. सदुसष्ट वर्षं न हललेली कचेरी अकरा दिवसांत हलली. दाखला आला, सोबत दुखवट्याचं पत्र. मेलेल्या माणसाने इतकी वर्षं पेन्शन कशी खाल्ली, हे कुणी विचारलं नाही. तो दुसऱ्या टेबलाचा विषय असणार.

पाथरवट आला त्या दिवशी मामा काठी टेकत बंदरावर गेला. तोरमोद मॅक्स्वीन, एवढं कोरून झाल्यावर पाथरवटाने मान वर केली. "आजोबा, पुढे धाकटा असं घालू का? जागा आहे."

"नको," मामा म्हणाला. "आई कधी थोरला-धाकटा म्हणायची नाही. दारात उभी राहून एकदाच हाक मारायची, तोरमोद! आणि आम्ही दोघेही धावत घरी जायचो."

मग तो तिथेच दगडाला धरून लहान पोरासारखा रडला, आणि मी त्याला रडू दिलं.