चिखलातल्या गल्लीत सातवीचा इतिहास

मंडळी, अंगावरचा काटा अजून गेला नाही, म्हणून लगेच लिहितेय.

आज सकाळी ओहोटीला आमच्या पेणजवळच्या शाळेची सातवीची मुलं घेऊन खाडीवर गेले. तिथे पूर्वी गाव होतं. दोन आळ्यांच्या भांडणात खाडीचं पाणी अडवणारा बांध कुणीच दुरुस्त केला नाही. उधाणात तो फुटला, गाव बुडालं. मग दोन्ही आळ्यांनी मिळून वरच्या अंगाला नवं गाव वसवलं. आमची मुलं तिथलीच.

सोबत त्या बुडालेल्या गावात वाढलेले, मिठागरात राबलेले म्हातारे दामूकाका होते. समोर नुसता सपाट चिखल, पण काका सरळ चालेनात. डावीकडे वळले, मग उजवीकडे. एका जागी तर डोक्यावर छप्पर असल्यासारखे वाकून गेले.

"काका, असे काय चालताय?" वर्गातल्या श्रावणीने विचारलं.

"घरं हायत ना गो. लोकांच्या चुलीवरून कसं जायचं?"

कुणी हसलं नाही. मुलंही त्यांच्यामागे तशीच वळत गेली, त्याच जागी वाकली. मीही वाकले.

"मग बांध नीट करायला तुम्ही का नाय गेलात?" श्रावणी हळूच म्हणाली.

काका थांबले. "त्या दुसऱ्या आळीची पाळी हाय म्हणून घरी बसून रायलो."

आमच्याकडे मुलांसमोर हे कुणी पहिल्यांदाच बोललं. तुमच्या गावातलं कुठलं भांडण मोठी माणसं मुलांसमोर कधीच काढत नाहीत?