तरोट्याचं पोतं

सावली गावात आमच्या अंगणाची साफसफाई एकच माणूस करतो. पावसाळा सरला की येतो. फाटक वाजवत नाही, बाहेर उभा राहून खोकतो. गवताकडे बघतसुद्धा नाही, आपोआप माजलेल्या तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, शेंगा दाबतो आणि म्हणतो, "वाळू द्या, बाई. पंधरा दिवसानं येतो."

बाकीचे एवढ्या अंगणाचे हजार मागतात, हा सहाशे. स्वस्त माणसाचा मला आधी संशय येतो. गेल्या वर्षी गुपित कळलं: तरोटा झोडपून बिया तो पोत्यात नेतो आणि व्यापाऱ्याला विकतो.

मी म्हटलं, "भाऊ, बिया माझ्या अंगणातल्या. मी चारशेच देईन."

तो चिडला नाही. "मंग बिया तुमीच ठेवा न, बाई. हजार लागन."

मी हट्टानं हजार दिले. त्यानं पोतं स्वतःच उचलून अंगणाच्या चढाकडच्या भिंतीशी ठेवलं, दोनदा थोपटलं आणि नोटा न मोजता गेला.

बिया विकायला मी कुठली जाते! पोतं तिथंच राहिलं. यंदाच्या पावसात अंगणभर कमरेएवढा तरोटा उभा राहिला. परवा फाटकाबाहेर खोकला ऐकू आला.

"औंदा तं जंगलच झालं, बाई. बाराशे. बिया मले देता तं आठशे."

"न्या," मी म्हटलं.

तो गेल्यावर भिंतीशी पडलेलं गेल्या वर्षीचं रिकामं पोतं उचलून पाहिलं. तळाशी बोटभर भोक होतं. उंदराचं म्हणावं, तर कडा फारच सरळ होत्या.