बसलेलं कुत्रं

अख्ख्या मुरबाड तालुक्यात बसलेल्या कुत्र्याला घाबरणारा माणूस एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. भुंकणारी, अंगावर धावून येणारी कुत्री त्याच्या खिजगणतीत नव्हती. पण वाटेत एखादं कुत्रं शांतपणे बूड टेकून बसलं, की मामा जागीच खिळायचा आणि सोबतच्यांनाही हात आडवा धरून थांबवायचा. टोकावड्याला एकदा त्यानं चक्क लग्नाची वरात अडवली. "कुत्रा बसलाय. वळसा घालून चला," म्हणत नवरदेवाला बँडवाल्यांसकट नांगरलेल्या शेतात उतरवलं. सरपंच करवादले, "आरं, खाज आली आसंल त्याला!" मामा काही हटला नाही. नवरदेवाचे नवेकोरे बूट ढेकळांत रुतले.

मामा फौजेत कुत्र्यांचा मास्तर होता. जमिनीत पुरलेले सुरुंग वासावरून शोधायला तो त्यांना शिकवायचा. वास लागला की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, नुसतं खाली बसायचं, एवढाच धडा. पण तो पक्का व्हायला महिनोन्महिने लागत. पेन्शनीत आल्यावर त्यानं तोच धडा घरच्या मोत्याला दिला. फटाक्यांची दारू चिंधीत बांधून अंगणात पुरायची, आणि मोत्या अचूक बसला की त्याला सुकटीचा तुकडा. "घरात कालवणाला सुकट नाय, नि कुत्र्याची शाळा चाललीय," मामी म्हणायची.

मीही एकदा हसत विचारलं, "मामा, इथं कुठले आलेत सुरुंग?"

तो हसला नाही. "माझी राणी होती ना, कुत्री. सरहद्दीवरच्या एका शेतात सकाळपासून तीनदा बसली. तिन्ही टाइमाला रिकामं काडतूसच निघालं. चौथ्यांदा बसली. मला वाटला, दमली. मीच दोरी खेचली." बराच वेळ तो मोत्याच्या कानामागं खाजवत राहिला. "उठली रे बिचारी. माझा ऐकला तिनं."

त्यानंतर मी मामाला कधी हसलो नाही. गाव मात्र हसतच राहिलं.

मामा गेला तेव्हा भातकापणी नुकतीच उरकली होती. तिरडी निघाली, तसा म्हातारा मोत्या पुढं पुढं चालू लागला. वाटेच्या मध्यावर तो थांबला, जमीन हुंगली आणि खाली बसला. दिवाळीतल्या फटाक्याची दारू तिथं सांडली असेल, किंवा तो नुसता दमलाही असेल. कुणीतरी त्याला हाकलायला काठी उचलली. माझ्याबरोबर सरपंचांनी खांदा दिला होता. ते म्हणाले, "नाय, उठवू नको त्याला."

सगळं गाव वाट सोडून शेतात उतरलं आणि पायांना टोचणाऱ्या धसकटांतून वळसा घालून पुढं गेलं. मामानं जन्मभर आमच्याकडं एवढंच मागितलं होतं. ते दिलं, तेव्हा तो आमच्या खांद्यावर होता.